पल्सारभोवतीची युग्मनिर्मिती: अख्खा तारा घ्यावा की ध्रुवावरचा एक पट्टा?

इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन युग्मं पल्सारभोवती (म्हणजे वेगानं फिरणाऱ्या, तीव्र चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याभोवती) कशी तयार होतात हे संगणकावर बघायचं ठरलं, की दोन वाटा फुटतात. एक, पार्टिकल-इन-सेल पद्धतीनं (कण सुटे आणि क्षेत्रं ग्रिडवर हलवत) ताऱ्याचं पूर्ण चुंबकावरण, म्हणजे चुंबकीय क्षेत्रानं व्यापलेला भोवतालचा भाग, चालवायचं. दुसरी, पोलर कॅपवरच्या (चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या छोट्या भागावरच्या) चुंबकरेषांचा एक पट्टा घ्यायचा आणि एकमितीत खोलात शिरायचं. मी दोन्ही करून बघितलंय. पहिलं आधी, आणि मोठ्या हौसेनं.

अख्ख्या ताऱ्याचा मोह पडतो यात नवल नाही. 2014 मध्ये चेन-बेलोबोरोदोव आणि फिलिपोव-स्पिटकोव्स्की यांची कामं आली, आणि ती चित्रं बघून कुणालाही वाटेल की आपणही हेच करावं. प्रकाश-सिलिंडरबाहेरचा (ताऱ्याबरोबर फिरायला जिथे प्रकाशाचा वेग लागेल त्या सीमेबाहेरचा) विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा, ताऱ्याकडे परतणारा प्रवाह, कण नेमके कुठे वेग घेतात, सगळं आपोआप समोर येतं. पुढच्याच वर्षी असं दिसलं, की चुंबकीय अक्ष आणि फिरण्याचा अक्ष एकच असेल तर सपाट अवकाशात ध्रुवावर युग्मनिर्मिती पेटतच नाही. फिरता तारा भोवतालचं अवकाश ओढतो हे सापेक्षतेनुसार हिशेबात धरलं, तर पेटते. असलं काही नुसत्या पट्ट्यातून हाती लागलं नसतं, हे कबूल.

पण माझं घोडं अडलं ते उंबरठ्यावर. क्रॅब पल्सारचा प्रकाश-सिलिंडर साधारण 1600 किलोमीटरवर. त्याच्या पृष्ठभागाजवळ गोल्डराइश-ज्युलियन घनतेच्या (रेषेच्या दिशेचं विद्युतक्षेत्र शून्य करायला पुरेल इतक्या भाराच्या) प्लाझ्माची स्किन-डेप्थ, म्हणजे ग्रिडला पकडावीच लागणारी प्लाझ्माची छोटी लांबी, मात्र जेमतेम काही मिलिमीटर. एवढी तफावत एका ग्रिडमध्ये मावत नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्र कमी करायचं, व्होल्टेज कमी करायचं, आणि ‘कणाचा लॉरेंट्झ गुणक (ऊर्जेचं माप) इतक्याच्या वर गेला की युग्म सोड’ असा नियम आपणच लिहायचा. मी तो आकडा थोडा खाली आणला, युग्मं भरभरून वाढली. वर नेला, चुंबकावरण उपाशी. आठवडाभर आलेख काढल्यावर लक्षात आलं, की युग्मं किती होतात हे शोधायला निघालो होतो आणि उत्तर मीच इनपुट फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. यातून सुटायचे बरे मार्ग लोकांनी काढले असतील, नाही असं नाही. माझा मात्र उत्साह मावळला.

पट्ट्यात ही कटकट बरीच कमी. गॅपची, म्हणजे विद्युतक्षेत्र कणांना वेग देतं त्या ध्रुवावरच्या भागाची, उंची शंभरेक मीटरच्या घरात, त्यामुळे खऱ्या मोजमापांच्या निदान जवळपास राहता येतं. फोटॉन निघतो, रेषा वळत असल्यामुळे क्षेत्राशी त्याचा कोन वाढत जातो, आणि ऊर्जा व आडवं क्षेत्र यांचा गुणाकार पुरेसा झाला की युग्म होतं. कुठे होतं ते भौतिकशास्त्र ठरवतं, मी नाही. टिमोखिन (2010) आणि टिमोखिन-अॅरन्स (2013) यांनी दाखवलेला युग्मनिर्मितीच्या स्फोटांचा ताल स्वतःच्या कोडमध्ये पहिल्यांदा उमटला, तेव्हा मी ते रन नुसतेच पुन्हा पुन्हा बघत बसलो होतो. पृष्ठभागातून कण मोकळेपणी निघत असतील, तर विद्युतप्रवाह आणि गोल्डराइश-ज्युलियन प्रवाह (त्या घनतेचा भार प्रकाशवेगानं गेला तर होणारा) यांचं गुणोत्तर 0 ते 1 मध्ये असताना सगळं शांत, युग्मं नाहीतच. 1 च्या वर किंवा ऋण गेलं की भडका.

अर्थात तो प्रवाह पट्ट्याला बाहेरून द्यावा लागतो. मी फोर्स-फ्री उत्तरांतून (प्लाझ्मा भरपूर आहे आणि त्याचं वजन नगण्य आहे असं धरून काढलेल्या चुंबकावरणाच्या उत्तरांतून) उसना घेतला. शिवाय फोटॉनवर फोटॉन आदळून दूरवर होणारी युग्मं इथे दिसणार नाहीत. फर्मी या गॅमा-किरण अवकाश दुर्बिणीनं टिपलेले गॅमा स्पंद हाच तुमचा विषय असेल, तर पट्ट्यात अडकू नका, कारण ते ताऱ्यापासून बरंच वर निघतात. पण प्रश्न ‘युग्मं पेटतात कशी आणि किती’ एवढाच असेल, तर निदान सुरुवात तरी पट्ट्यापासून करा असं मी म्हणेन.

रेडिओ लहरींसाठी एकमिती अपुरी पडते. स्फोट रेषांना तिरका असला तर त्यातून थेट विद्युतचुंबकीय लहरी निघू शकतात हे 2020 मध्ये द्विमितीय कामातून दिसलं. मीही नंतर दुसरी मिती जोडली. अख्ख्या ताऱ्याकडे मात्र परत गेलो नाही.