स्वस्त बोल्ट-ॲक्शन रायफलचा स्टॉक: आहे तोच सुधारावा, की लॅमिनेट, पॉलिमर किंवा चॅसिस घ्यावं?

रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज ॲक्सिससारख्या कमी किमतीच्या बोल्ट-ॲक्शन रायफलींची नळी आणि ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) किमतीच्या मानाने फार चांगली असते. कारखान्याने हात आखडता घेतलेला असतो तो स्टॉकमध्ये, म्हणजे नळी आणि ॲक्शन ज्यात बसतात त्या बाहेरच्या सांगाड्यात. साच्यात ओतलेलं पोकळ प्लास्टिक, आत उभ्या-आडव्या फासळ्या, आणि पुढचा भाग इतका लवचीक की बायपॉडवर (पुढे लावायच्या दोन पायांच्या आधारावर) जरा जोर दिला की तो नळीला टेकतो. नळीला असा बाहेरून स्पर्श झाला की प्रत्येक गोळीच्या वेळी तिचं कंपन बदलतं आणि नेम सरकतो. त्यामुळे स्टॉक बदलायची इच्छा होणं अगदी स्वाभाविक आहे. पण दोष खरोखर स्टॉकचाच आहे का, हे आधी तपासा, कारण त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

तपासण्याआधी रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोल्ट बाहेर काढून ठेवा. आता कागदाची पट्टी नळी आणि स्टॉकच्या मधून सरकवा. मग रायफल बायपॉडवर ठेवून पुढे रेटा आणि पट्टी पुन्हा ओढून बघा. ती अडकली, तर पुढचा भाग वाकतोय. दुसरी चाचणी ॲक्शनच्या स्क्रूंची. नळी आणि स्टॉकच्या कडेवर बोटाचं टोक ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. दोन्हींमध्ये हालचाल जाणवली, तर ॲक्शन ताणाखाली बसलेली आहे, म्हणजे बेडिंग (ॲक्शनची स्टॉकमधली बैठक) सदोष आहे. शेवटी रेंजवर एक ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या काही गोळ्या) मॅगझिनच्या जवळ आधार देऊन मारा आणि दुसरा पुढे बायपॉडवर. ग्रुपची जागा बदलली तर स्टॉक दोषी आहे. दोन्ही ग्रुप एकाच जागी, पण सारखेच पसरलेले असतील, तर नवा स्टॉक घेऊन उपयोग नाही. तेव्हा स्कोपचे माउंट, काडतुसं आणि नळीचं तोंड तपासा.

आहे तोच स्टॉक सुधारणं

हा पर्याय लोक फार लवकर बाजूला टाकतात. नळीची खाच सँडपेपरने मोठी करता येते. पुढच्या पोकळीत कार्बन फायबरच्या दांड्या ठेवून वर एपॉक्सी ओतली की पुढचा भाग बऱ्यापैकी ताठ होतो. अडचण एवढीच की अशा स्टॉकच्या प्लास्टिकला एपॉक्सी नीट धरत नाही. म्हणून आतली बाजू खरवडायची आणि फासळ्यांना बारीक भोकं पाडायची, म्हणजे एपॉक्सी त्यांत शिरून अडकते. ॲक्शनचं बेडिंगही करणार असाल तर धातूला रिलीज एजंट (एपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावायला विसरू नका, नाहीतर ॲक्शन कायमची चिकटून बसेल. डोळा स्कोपच्या रेषेत येत नसेल, तर दस्त्यावर (स्टॉकच्या खांद्याकडच्या भागावर) बांधायचं गालाचं पॅड पुरतं. शिकारीला वर्षातून मोजक्याच गोळ्या लागत असतील तर मी याच्या पुढे जाणार नाही. रायफल हलकी राहते, आणि वाचलेल्या पैशांत सरावाची काडतुसं येतात.

लॅमिनेट की चॅसिस

खरी निवड या दोघांत करावी लागते, आणि दोघांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे.

लॅमिनेट म्हणजे लाकडाचे पातळ थर राळेने चिकटवून केलेला ठोकळा, ज्यातून स्टॉक कोरतात. बॉइड्स या अमेरिकी कंपनीचे असे स्टॉक स्वस्त रायफलींसाठी सर्वांत सहज मिळतात. अखंड अक्रोडापेक्षा हे लाकूड दमट हवेत कमी फुगतं आणि कमी वाकतं, पण वजन जास्त असतं. हातात धरायला ते फार छान वाटतं. दस्त्याची लांबी ऑर्डर देतानाच निवडता येते, आणि हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. खांद्याला नीट बसणाऱ्या दस्त्यामुळे गाल दर वेळी त्याच जागी येतो, आणि नेम सुधारतो तो बहुतेक त्यामुळेच. कमतरता आतल्या कामात असते. कोरलेली जागा ॲक्शनशी तंतोतंत जुळेलच असं नाही. आतलं लाकूड सील करावं लागतं, आणि पिलर (स्क्रूभोवती बसवायच्या धातूच्या नळ्या) व एपॉक्सी बेडिंगची तयारी ठेवावी लागते. ते करायचं नसेल तर लॅमिनेट घेऊ नका.

चॅसिसमध्ये ॲक्शन थेट ॲल्युमिनियममध्ये बसते. सहसा व्ही आकाराच्या खाचेत ती स्वतःच जागेवर येते, त्यामुळे बेडिंगची कटकट नसते. एमडीटी कंपनीचं ओरिक्स हे त्यातलं साधं आणि तुलनेने स्वस्त, तर केआरजी कंपनीच्या ब्राव्होमध्ये ॲल्युमिनियमच्या कण्यावर पॉलिमरचं आवरण असतं. गालाची पट्टी वर-खाली होते, दस्त्याची लांबी बदलते, एआयसीएस पद्धतीची (अनेक कंपन्या बनवतात ती, काढता येणारी) मॅगझिन चालतात. झोपून किंवा पिशवीवर टेकून कागदावर नेम धरणाऱ्याला याहून चांगलं काही नाही. पण ओरिक्सचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास जातं, म्हणजे कारखान्याच्या प्लास्टिकच्या जवळपास दुप्पट. धक्का कमी बसतो हा त्याचा फायदा, डोंगर चढताना तेच ओझं. उघडं ॲल्युमिनियम थंडीत हाताला बोचतं आणि उन्हात तापतं. घडी होणारा दस्ता किंवा पिस्तुली मूठ असेल तर तुमच्याकडचा शस्त्र कायदा त्याला परवानगी देतो का, हे ऑर्डर देण्याआधीच बघा.

मधला मार्ग मॅगपुल हंटरचा: बाहेरून ताठ पॉलिमर, आत ॲल्युमिनियमचा बेडिंग ब्लॉक. चॅसिसइतका बदल त्यात होत नाही, पण स्पेसर (दस्त्याच्या टोकाला घालायच्या चकत्या) घालून लांबी जुळवता येते आणि पावसापाण्याची काळजी नसते. चालत शिकार करणारा आणि अधूनमधून रेंजवर जाणारा असा एकच माणूस असेल, तर मी त्याला हेच सुचवेन. हाताने थर देऊन केलेले मॅकमिलनसारखे फायबरग्लास स्टॉक या सगळ्यांहून सरस आहेत, पण स्वस्त रायफलवर ते चढवणं मला पटत नाही.

तुमच्या रायफलला काय मिळतं

बऱ्याचदा आवडीपेक्षा हाच प्रश्न निकाल लावतो. 1962 पासून चालत आलेल्या रेमिंग्टन 700 च्या मापाला (ॲक्शनच्या तळाचा आकार आणि स्क्रूंच्या जागा) सर्वांत जास्त पर्याय आहेत, आणि बर्गारा बी-14 सारख्या रायफली तेच माप वापरतात. सॅव्हेज ॲक्सिसचं माप मात्र सॅव्हेज 110 पेक्षा वेगळं आहे, त्यामुळे नुसतं ‘सॅव्हेज’ लिहिलेलं वाचून मागवू नका. टिक्का टी3 चा रिकॉइल लग (गोळीचा धक्का स्टॉककडे नेणारा धातूचा तुकडा) ॲक्शनवर नसून स्टॉकमध्ये असतो. रुगर अमेरिकनची ॲक्शन स्टॉकमधल्या दोन व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर बसते. या दोन्हींसाठी लग किंवा ठोकळे नव्या स्टॉकबरोबर येतात का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. लांब आणि आखूड ॲक्शन, नळीची जाडी आणि मॅगझिनचा प्रकार यांचीही खात्री करा.

बसवताना स्क्रू अंदाजाने आवळू नका, टॉर्क रेंच वापरा. ॲल्युमिनियमच्या बेडिंगला साधारण 65 इंच-पाउंड, म्हणजे 7.3 न्यूटन-मीटर चालतात. लाकडाला किंवा साध्या प्लास्टिकला तितका जोर दिला तर ते चेपतं, तिथे उत्पादकाचा आकडाच पाळा. पुढचा स्क्रू नव्या स्टॉकसाठी लांब पडला तर त्याचं टोक बोल्टच्या लगला (बोल्ट जागेवर अडकवणाऱ्या उंचवट्याला) अडतं आणि बोल्ट घट्ट फिरतो. मग स्क्रूचं टोक थोडं घासून कमी करावं लागतं. चाप कुठे घासत नाही ना, सेफ्टी पूर्ण लागते आणि सुटते ना, हे रिकाम्या रायफलवर पाहिल्याशिवाय रेंजवर जाऊ नका. तिथे गेल्यावर झिरो (स्कोपचा नेम गोळीच्या जागेशी जुळवणं) नव्याने करावाच लागेल. पहिल्या काही ग्रुपनंतर स्क्रूचा टॉर्क पुन्हा तपासा, विशेषतः लॅमिनेट असेल तर, कारण लाकूड सुरुवातीला थोडं दबतं.