परदेशातल्या प्रदर्शनात स्टॉल: कोणती सरकारी मदत कुणाच्या कामाची?

आपल्या विदर्भात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीची पावडर करणारा बचत गट असो की भिवापूरची मिरची विकणारी शेतकरी उत्पादक कंपनी, निर्यातीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, "सबसिडी किती टक्के?" मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आधी पैसे कोणी टाकायचे आणि ते परत कधी येणार? तिकीट, मुक्काम, स्टॉलचं भाडं, नमुन्यांची वाहतूक हे सगळं आधी खिशातून जातं. अन्नपदार्थांची मोठी प्रदर्शनं जानेवारी-फेब्रुवारीत भरतात. जर्मनीत न्यूरेंबर्गचं बायोफाख हे सेंद्रिय मालाचं प्रदर्शन फेब्रुवारीत, दुबईचं गल्फूडही त्याच सुमारास. आपल्याकडे तेव्हाच हळद निघते आणि खरेदीला रोकड लागते. पैसा एकाच वेळी दोन्हीकडे पुरत नाही.

यातला एक मार्ग सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेचा. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उद्योगाला जागेचं भाडं, विमानभाडं, मालवाहतूक अशा खर्चाची भरपाई त्यातून मिळते. मात्र एकट्या उद्योजकाला प्रदर्शनासाठी थेट प्रस्ताव टाकता येत नाही. तो उद्योग संघटनेने किंवा सरकारी संस्थेने पाठवायचा असतो आणि तुम्ही तिच्या शिष्टमंडळात जाता. नागपुरात विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, सेमिनरी हिल्सला मंत्रालयाचं विकास व सुविधा कार्यालय आहे. बुटीबोरी-हिंगण्याच्या उद्योजकाचं तिकडे जाणं-येणं असतं. मेळघाटातल्या धारणी किंवा गडचिरोलीतल्या कोरचीच्या माणसापर्यंत बातमी पोचेस्तोवर यादी भरून गेलेली असू शकते. म्हणून हा मार्ग धरायचा तर संघटनेशी ओळख सहा-आठ महिने आधीच करून ठेवावी. भरपाई नंतर मिळते, तेव्हा बोर्डिंग पासपासून बँकेतून पैसे गेल्याच्या नोंदीपर्यंत प्रत्येक कागद एकाच फाइलीत लावून ठेवा.

दुसरा मार्ग वाणिज्य मंत्रालयाचा, आणि तो मालाप्रमाणे बदलतो. हळद-मिरचीसाठी स्पाइसेस बोर्ड, संत्रा आणि तांदळासाठी अपेडा (शेतमालाच्या निर्यातीसाठीची केंद्राची संस्था), बांबूच्या वस्तूंसाठी हस्तकला निर्यात परिषद. या संस्था मोठ्या प्रदर्शनात भारताचं दालन घेतात आणि त्यात निर्यातदारांना जागा देतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केलं आणि पूर्वीची बाजारपेठ प्रवेशाची योजना त्यात सामावून घेतली. नव्या नियमांत छोट्यांसाठी दोन गोष्टी चांगल्या आहेत. मदत मिळणाऱ्या कार्यक्रमात किमान ३५ टक्के सहभागी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचे हवेत. शिवाय आदल्या वर्षीची निर्यात ७५ लाखांपर्यंत असलेल्यांना विमानभाड्याचा काही भाग मिळतो.

दोन्हींत निवडायचं तर पहिल्यांदा जाणाऱ्या गटाला मी बोर्डाचं किंवा अपेडाचं दालन सुचवेन. हळद घेणारा माणूस मसाल्याच्या दालनात हळदच शोधत येतो. संघटनेच्या शिष्टमंडळात यंत्राचे सुटे भाग, कपडे आणि मसाले शेजारी-शेजारी असू शकतात. तिथे तुमच्या गिऱ्हाइकाने तुम्हाला हुडकावं लागतं. उलट तुमचा माल कोणत्याच बोर्डात नीट बसत नसेल, किंवा तुमचं छोटं यंत्रसामग्रीचं काम असेल, तर आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनाच जास्त सोयीची. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांनी मात्र आधी राष्ट्रीय एससी-एसटी हबमध्ये चौकशी करावी. तिथे परदेशी प्रदर्शनांसाठी वेगळी विपणन साहाय्य योजना आहे. गडचिरोली-मेळघाटाकडे तिची माहिती फार कमी पोचते याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरा पर्याय म्हणजे यंदा परदेशी जाऊच नये. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक गटांसाठी सुरुवातीला हाच सर्वांत शहाणपणाचा आहे. जानेवारीत दिल्लीजवळ 'इंडसफूड' हे अन्नपदार्थांचं प्रदर्शन भरतं, मार्चमध्ये दिल्लीत 'आहार' नावाचं. परदेशी खरेदीदार तिथे स्वतः येतात. नागपूरहून दिल्ली एका रात्रीचा रेल्वेप्रवास आहे. व्हिसा नको, नमुने पोत्यात घालून सोबत नेता येतात, आणि देशातल्या प्रदर्शनांच्या स्टॉलभाड्यासाठी खरेदी व विपणन साहाय्य योजना आहे.

तिथे एक गोष्ट लगेच कळते. खरेदीदार किलोचा भाव विचारत नाही. तो विचारतो, न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढवून टनाला किती? म्हणजे समुद्रपूरपासून बंदरापर्यंतचा ट्रक, पॅकिंग, सीमाशुल्क दलालाची फी असं सगळं धरून. हिंगणघाटच्या बाजारातला भाव सांगितला तर तो मान हलवून पुढच्या स्टॉलवर जातो. लगेच पुढचा प्रश्न तपासणी अहवालाचा. कुरक्युमिन (हळदीला रंग देणारा घटक) किती, कीटकनाशकांचे अंश किती, शिसं आहे का? युरोपात यावर फार कडक नजर असते.

हे अहवाल काढायला पैसा लागतो, आणि त्यासाठीची मदत आज घरबसल्या मागता येते. आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेतच २०२२ पासून पहिल्यांदा निर्यात करणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी वेगळा भाग आहे. त्यात निर्यात परिषदेच्या नोंदणी-सदस्यत्वाचे २० हजारांपर्यंत, निर्यात विम्याच्या हप्त्याचे १० हजारांपर्यंत आणि तपासणी-प्रमाणपत्रांचे १ लाखापर्यंत परत मिळतात. त्यातली एक अट अशी की तुमचा आयात-निर्यात कोड (निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) तीन वर्षांपेक्षा जुना नसावा. कुणीतरी सांगितलं म्हणून ५०० रुपये भरून कोड काढायचा आणि ठेवून द्यायचा, असं करू नका. मुदत कोड निघाल्यापासून मोजली जाते.

बचत गटाच्या ताईंना माझं सांगणं असं: यंदा कोड, बोर्डाची नोंदणी आणि तपासणी अहवाल करून घ्या, आणि जानेवारीत किंवा मार्चमध्ये दिल्ली गाठा. तिथे दोन-तीन खरेदीदारांनी नमुने मागवून पुन्हा फोन केला, तर पुढच्या वर्षी बोर्डाच्या दालनातून दुबईसाठी अर्ज करा. सेंद्रिय प्रमाणपत्र आधीपासून असलेल्या उत्पादक कंपनीने मात्र थांबू नये, तिने बायोफाखसाठी अपेडाकडे आत्ताच विचारावं.