डब्यावर बाराशे, आत दीडशेची चिप

यूएसबी वायफाय डोंगल (किंवा अ‍ॅडॅप्टर) म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेत बसवून त्याला वायफायशी जोडणारी छोटी वस्तू. तिच्या फसवणुकीची खुबी अशी की डोंगल चालतं. बंद पडलेली वस्तू माणूस दुसऱ्याच दिवशी परत करतो. हे मात्र लावल्याबरोबर दिवा लुकलुकवतं, आसपासच्या नेटवर्कची यादी दाखवतं, व्हिडिओही लावून देतं. मग डबा रद्दीत जातो आणि परत करायची मुदत उलटते. महिन्याभराने घरात कोणीतरी विचारतं, फायबरचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे तर कॉम्प्युटरवर ३५च का येतात? शिव्या खातो राउटर, नाहीतर केबलवाला. डोंगलकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण त्याच्या डब्यावर ठसठशीत १२०० छापलेलं असतं.

माल ओळखीचा आहे. तीन-चारशे रुपये किंमत, दोन उभ्या अँटेना, अनोळखी नाव, वर 'ड्युअल बँड, १२०० एमबीपीएस, यूएसबी ३.०, ५जी'. ड्युअल बँड म्हणजे वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणारं. आत बहुतेकदा रिअलटेकच्या आरटीएल८१८८ मालिकेतली नाहीतर मीडियाटेकची एमटी७६०१यू चिप निघते. या चिपा बनावट नाहीत, टाकाऊही नाहीत. पण त्या फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि एकाच स्ट्रीमच्या, म्हणजे एका वेळी डेटाचा एकच प्रवाह पाठवणाऱ्या आहेत. कमाल लिंक स्पीड, म्हणजे डोंगल आणि राउटर यांच्यातला कागदावरचा वेग १५० एमबीपीएस, तोही राउटरने ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल दिला तर. शेजारीपाजारी दहा-बारा वायफाय असलेल्या सोसायटीत राउटर २० मेगाहर्ट्झवर उतरतो आणि लिंक ७२ वर येते. हवेतली ये-जा आणि पुन्हा पाठवलेली पॅकेट्स वजा जाता प्रत्यक्ष डाउनलोड त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं. ते ३५ इथून आलेले असतात.

सचोटीच्या कंपन्यांचेही आकडे फुगवलेलेच असतात, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तक्रार करताना या दोन्हींची सरमिसळ झाली की तक्रार पडते. खऱ्या एसी१२०० अ‍ॅडॅप्टरमध्ये ('एसी' म्हणजे वायफाय ५) २.४ वरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज करून, ती वरच्या शंभरात ढकलून १२०० लिहिलेले असतात. अ‍ॅडॅप्टर एका वेळी एकाच बँडला जोडलेला असतो, त्यामुळे १२०० कधीच दिसत नाहीत. एसी६०० म्हणजे १५० अधिक ४३३. शिवाय यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८०, हाती येतात तीनशेच्या आसपास. यूएसबी २.० प्लगवर ८६७ ची चिप बसवणं म्हणजे बोळात ट्रक घालणं. हे सगळं विक्रीचं गणित झालं. ५ गिगाहर्ट्झ रेडिओच नसताना 'ड्युअल बँड' छापणं ही सरळ लबाडी.

'५जी' या शब्दावर तर दुहेरी धंदा चालतो. डब्यावरच्या ५जीचा अर्थ फार तर ५ गिगाहर्ट्झचा वायफाय, मोबाइलच्या ५जीशी त्याचा काडीचा संबंध नाही. सोशल मीडियावरच्या जाहिराती 'सिम नको, रिचार्ज नको, आयुष्यभर नेट' म्हणून हेच डोंगल विकतात. वायफाय अ‍ॅडॅप्टर इंटरनेट आणत नाही. घरात राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट असेल तर त्याला जोडून देतो, इतकंच.

अलीकडचा प्रकार जास्त बारीक आहे: 'वायफाय ६' लिहिलेलं एएक्स३००. यातली चिप खरोखर वायफाय ६ ची असते, २८६ चा आकडाही खरा असतो, पण ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. वायफाय ६ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ आलंच, असं गृहीत धरलं की पैसे गेले. एएक्स९०० मध्ये दोन्ही बँड असतात, २८६ आणि ६००.

अँटेनांकडे बघून भुलू नये. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आहे, तिच्या पाव लांबीची म्हणजे तीन सेंटिमीटरची तारही कामाची अँटेना होते. लांबलचक काळ्या दांडीत कधी तेवढाच तुकडा असतो, कधी दोनपैकी एक दांडी पूर्ण पोकळ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. फोडून बघायचा मोह टाळा, फोडलेला माल परत घेत नाहीत. अँटेना स्क्रूची असेल तर राउटरपासून दोन भिंती पलीकडे बसून ती मिनिटभर काढून पाहा. सिग्नल तसूभरही हलला नाही, तर ती शोभेची.

प्लगही न फोडता तपासता येतो. खऱ्या यूएसबी ३.० प्लगमध्ये नेहमीच्या चार पट्ट्यांमागे, आतल्या बाजूला आणखी पाच बारीक संपर्क असतात. निळं प्लास्टिक आणि आत चारच पट्ट्या, म्हणजे नुसता रंग दिलेला आहे.

आता खरी तपासणी. ती डोंगल हातात आल्या दिवशीच करावी. डबा उघडतानाचा व्हिडिओ घ्या, त्यात लेबल आणि मागचा मजकूर वाचता आला पाहिजे. लॅपटॉप असेल तर त्याचं आतलं वायफाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिसेबल करा, नाहीतर तपासणी लॅपटॉपची होते आणि शाबासकी डोंगलला मिळते. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ बँडला वेगळं नाव द्या आणि चॅनेल ३६ ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण ५२ ते १४४ मधले बरेचसे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात आणि काही चांगले अ‍ॅडॅप्टरही ते दाखवत नाहीत. उगाच निर्दोष डोंगल फासावर जायला नको. फोनवर ते नाव दिसतं, कॉम्प्युटरवर दिसत नाही, असं झालं तर निम्मं काम झालं.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत (netsh wlan show drivers) द्या. 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' या ओळीत ८०२.११ पुढे फक्त बी, जी आणि एन असतील तर ५ गिगाहर्ट्झ नाही. ए किंवा एसी दिसायला हवं. याच आज्ञेत 'ड्रायव्हर्स'च्या जागी 'इंटरफेसेस' घातलं की चालू जोडणीचा चॅनेल आणि लिंक स्पीड कळतो. १ ते १३ म्हणजे २.४, ३६ पासून पुढे ५.

पक्का पुरावा हार्डवेअर आयडीचा, म्हणजे वस्तूच्या आतल्या ओळखक्रमांकाचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. ०बीडीए म्हणजे रिअलटेक. त्यापुढे ८१७९ असेल तर आरटीएल८१८८ईयूएस. १४८एफ आणि ७६०१ असेल तर एमटी७६०१यू. रिअलटेकचा खरा एसी१२०० असेल तर ०बीडीए पुढे सहसा ८८१२ किंवा बी८१२ येतं. लिनक्सवाल्यांना 'एलएसयूएसबी' एका ओळीत हेच सांगतं.

०बीडीए आणि १ए२बी दिसलं तर घाबरू नका. डोंगल अजून सीडी ड्राइव्ह बनून बसलेलं आहे, ड्रायव्हर त्याच्याच पोटात आहे. ती खोटी सीडी इजेक्ट केली की पुष्कळदा वायफाय म्हणून उठतं. पण अनोळखी डोंगलच्या पोटातली फाइल चालवण्यापेक्षा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळेल, आणि विंडोज अपडेटला ड्रायव्हर आणू द्या. डब्यातली छोटी सीडी बाजूलाच ठेवा, ती घालायला ड्राइव्ह तरी कुठे असतो हल्ली! सीडी चालली नाही म्हणून लोक ड्रायव्हरचं नाव शोधायला जातात आणि दुसऱ्या सापळ्यात पडतात: पैसे मागणारा 'ड्रायव्हर अपडेटर' किंवा कॉम्प्युटरचा ताबा मागणारा 'टेक्निशियन'. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करावा.

घेतानाच चिपचं नाव विचारलं तर बरीच गळती तिथेच होते. दोन्ही बँडसाठी एमटी७६१२यू किंवा आरटीएल८८१२बीयू, वायफाय ६ साठी एमटी७९२१एयू. लिनक्स असेल तर मीडियाटेकच्या दोन्ही चिपांचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहेत. दुकानात घेत असाल तर काउंटरवरच्या मशीनला लावून ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दाखवायला सांगा. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि ग्राहक संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर उद्या भांडायला समोर कोणी नसतं.

तक्रारीत 'स्लो आहे' हे शब्द लिहू नका. उत्तर ठरलेलं आहे, तुमचं नेटच स्लो आहे. 'वर्णनात ड्युअल बँड लिहिलं आहे, वस्तूत ५ गिगाहर्ट्झ नाही' असं लिहा, आज्ञेचा आणि हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट जोडा, कारण निवडताना 'वर्णनापेक्षा वेगळी वस्तू' निवडा. बदली माल घेऊ नका, त्याच खोक्यातलं दुसरं डोंगल येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, जिथे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

मध्येच विक्रेत्याचा गोड मेसेज येऊ शकतो: शंभर रुपये परत देतो, रिटर्नची विनंती मागे घ्या आणि पाच स्टार द्या. पूर्ण रक्कम खात्यात दिसेपर्यंत विनंती मागे घ्यायची नाही. डोंगल न्यायला माणूस आला की त्याच्यासमोर प्लगचा आणि लेबलचा एक फोटो काढून ठेवायचा, नाहीतर 'दुसराच माल परत आला' म्हणून पैसे अडकवतात.