एचआर कन्सल्टंट, दादर वेस्ट : कामाच्या रिव्ह्यूवरून ऑफिसात राडा झाला, ती केस यांच्याकडे दिली त्याचा अनुभव

पैसे वसूल आहेत हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्यासारख्या छोट्या कंपन्यांमधले लोक कन्सल्टंट म्हटलं की पहिलं फी विचारतात. एका केसचे १५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७०० झाले. त्यात मीटिंगा, सगळी पत्रं लिहून देणं आणि पुढचे तीन महिने फोनवर विचारायची सोय. मरोळला आमचं कोरुगेटेड म्हणजे पुठ्ठ्याच्या बॉक्सचं युनिट आहे, पस्तीसेक माणसं, वेगळा एचआर वगैरे काही नाही, पगार-पीएफ अकाउंट्सवाले बघतात आणि बाकी माणसांचं जे काय असेल ते माझ्याकडे, मी ऑपरेशन्स बघते.

झालं असं की एप्रिलच्या रिव्ह्यूमध्ये डिस्पॅचच्या, म्हणजे माल गाडीत भरून पाठवण्याच्या कामावरच्या, एका सिनियर माणसाला ५ पैकी २ मिळाले. रिव्ह्यू घेतला त्याच्या टीम लीडने, ती त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, दोन वर्षांपूर्वीच जॉइन झालेली, कामाला एकदम चोख. त्याने फॉर्म वाचला, टेबलावरून तिच्या अंगावर भिरकावला, सगळ्या फ्लोअरला ऐकू जाईल अशा आवाजात "डिस्पॅचमधलं तुम्हाला काय कळतं" म्हणाला आणि दार आपटून निघून गेला. इथपर्यंत ठीक, माणूस चिडतो. पण रात्री साडेदहाला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला की चमचेगिरी करणाऱ्यांना पाच आणि राबणाऱ्यांना दोन, बाईच्या हाताखाली दुसरं काय होणार. दुसऱ्या दिवशी आला नाही, फोन बंद. आमच्या शेठचं एकच, त्याला बोलवा, राजीनामा लिहून घ्या आणि विषय संपवा. टीम लीड बिचारी रडली नाही पण मला म्हणाली की मॅडम मी यापुढे कुणाचा रिव्ह्यू घेणार नाही, आणि मला खरी काळजी त्या वाक्याची वाटली, कारण एक माणूस ओरडला म्हणून चांगली लीड खरं लिहायला घाबरायला लागली तर पुढच्या वर्षी सगळ्यांनाच चार-चार मिळणार आणि त्या फॉर्मला काही अर्थच उरणार नाही.

ओळखीतून या कन्सल्टंट मॅडमचा नंबर मिळाला. बरीच वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल डिपार्टमेंटला काढलेली बाई आहे, ते बोलताना लगेच कळतं. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं सांगितलं की आज कुणीच काही करायचं नाही. ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहायचं नाही, त्याला ग्रुपमधून काढायचं नाही, मेसेजचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा, आणि जे जे तिथे हजर होते त्यांनी आपण स्वतः काय पाहिलं-ऐकलं तेवढंच आजच्या आज लिहून द्यायचं, दुसऱ्याने काय सांगितलं ते नाही. शेठ ग्रुपवर त्याला उत्तर टाईप करत बसले होते, त्यांचा फोन अक्षरशः मी हातातून घेतला.

मग दादरला त्यांच्या ऑफिसला गेलो, मी आणि टीम लीड. मॅडमनी आधी रिव्ह्यूचा फॉर्म मागितला, त्याच्या वागण्याचा विषय बाजूलाच ठेवला. लाल पेन घेऊन फॉर्मवरची विशेषणं एकेक करून खोडली. निष्काळजी, अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही, टीम प्लेयर नाही, जबाबदारी घेत नाही. प्रत्येकाला टीम लीडला एकच प्रश्न, कधी आणि काय केलं? "निष्काळजी" खोडून तिथे जे आलं ते असं : मार्चमध्ये वापीला जाणाऱ्या गाडीचं ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), त्याच्या पार्ट बी मध्ये, जिथे गाडीचा नंबर टाकतात, आदल्या दिवशीच्या गाडीचा नंबर तसाच राहिला, तलासरीच्या पुढे गाडी अडवली, माल दुपारभर रस्त्यात. हे ज्यांना माहितीये त्यांना कळेल की नंबरात एक-दोन आकडे चुकले तर हजार रुपयांवर सुटका होते पण गाडीच वेगळी असली तर टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंडाची वेळ येते. आता हे वाक्य वाचून माणूस वाद घालू शकत नाही, "निष्काळजी" वाचून मात्र आयुष्यभर घालेल. टीम लीडच्या डोक्यात हे सगळं होतंच, फॉर्मवर लिहायला जागा दीड ओळीची, त्यामुळे शब्द आले आणि प्रसंग गेले.

दुसरी गोष्ट त्यांनी पकडली ती तर मला फार मोलाची वाटते. फॉर्मच्या खाली सहीच्या वर छापलेलं होतं "वरील मूल्यमापन मला मान्य आहे." मॅडम म्हणाल्या निम्मी भांडणं या ओळीवरून होतात, ज्याला मान्य नाही त्याच्यासमोर तुम्ही पेन ठेवता, तो सही करेल तर हरला आणि नाही केली तर बंडखोर, मग फॉर्म भिरकावण्याशिवाय त्याच्या हातात काय उरतं. ती ओळ बदलून "हा फॉर्म मला मिळाला व मी वाचला" केली, खाली अर्धं पान मोकळं, वर लिहिलं "माझं म्हणणं", आणि द्यायला तीन दिवस. साधी गोष्ट आहे पण हे फॉर्म वर्षानुवर्षं कुठून तरी कॉपी होत येतात, कुणी वाचतच नाही.

आता वागण्याचं. मॅडमचा आग्रह असा की कामाचा रिव्ह्यू आणि रिव्ह्यूनंतरचं वागणं या दोन वेगळ्या फायली, वेगळ्या तारखा, वेगळी पत्रं. ओरडला म्हणून २ चा १ करायचा नाही आणि ओरडला म्हणून घाबरून २ चा ३ पण करायचा नाही. वागण्यातही त्यांनी वेगवेगळं केलं. रडणं, आवाज चढणं, उठून निघून जाणं याची केस करायची नाही, वाईट बातमी ऐकलेल्या माणसाला तेवढी सूट द्यायची. कागद अंगावर टाकणं, तोंडी समज. न सांगता गैरहजर, रजेच्या नियमाने जे होईल ते. पण ग्रुपवरचा मेसेज हा लेखी विषय, कारण तो रागाच्या भरात तोंडातून निघालेला नाही, घरी जाऊन जेवून विचार करून टाकलाय, पस्तीस लोकांसमोर आणि एका बाईच्या बाई असण्यावर. आणि धमकी दिली असती किंवा हात उचलला असता तर सगळं वेगळं, तिथे थांबायचं नाही असंही स्पष्ट सांगितलं.

शेठना समजावणं हे माझ्या हातातलं नव्हतं, त्यासाठी मॅडम स्वतः मरोळला आल्या. राजीनामा लिहून घेण्याला ठाम नकार, म्हणाल्या केबिनमध्ये बसवून लिहून घेतलेला राजीनामा कोर्टात राजीनामा राहत नाही, आणि महाराष्ट्रात १९७१ चा अनफेअर लेबर प्रॅक्टिसचा कायदा आहे, माणसाला सूड म्हणून काढणं हे त्यातल्या यादीत बसतं. शेठ म्हणाले तो सिनियर एक्झिक्युटिव्ह आहे, कामगार नाही. त्यावर मॅडमनी शांतपणे विचारलं की तो दिवसभर करतो काय? चलन बनवतो, ई-वे बिल काढतो, गाडी भरून घेतो. मग हुद्दा काहीही लिहा, बघतात ते काम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड म्हणजे कामगार कायदे लागू झालेत त्यात सुपरवायझरी, म्हणजे दुसऱ्यांवर देखरेखीचं, काम करणारा आणि महिना १८,००० च्या वर पगार असेल तर तो वर्करमधून बाहेर पडतो, पण मुळात काम सुपरवायझरी पाहिजे ना. आणि उद्या खरंच काढायची किंवा त्याने सोडायची वेळ आली तर त्याचा राहिलेला पगार दोन वर्किंग डेमध्ये द्यावा लागतो हे पण सांगितलं, फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, पुढच्या महिन्यात बघू म्हणणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात घ्या. शेठ तासाभराने "बरं, तुम्ही म्हणाल तसं" वर आले. ते वाटतं तितकं सोपं नाही, मी त्यांच्याकडे बरीच वर्षं आहे.

दुसरी मीटिंग सकाळी अकराला ठेवली, संध्याकाळी नाही. कारण सहाला माणसाला असं काही सांगितलं की तो तेच डोक्यात घेऊन विरार लोकलमध्ये तासभर लटकतो आणि घरी पोचल्यावर ग्रुपवर लिहितो. काचेची केबिनही नको, आत काय चाललंय ते सगळा फ्लोअर बघत बसतो, म्हणून वरच्या सॅम्पल रूममध्ये बसलो. टीम लीडने सुरुवात केली, वाक्य आधी ठरलेलं, "आज रेटिंगबद्दल बोलायचं नाहीये. परवा मीटिंगमध्ये आणि रात्री ग्रुपवर जे झालं त्याबद्दल बोलायचंय." आणि गप्प. तो पंधरा मिनिटं बोलला, मध्ये आवाज चढला तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "दादा, पाणी घ्या, आम्ही ऐकतोय." मग त्याच्या तोंडून मूळ दुखणं बाहेर आलं. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या जोडीला काम करणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता, दोन माणसांचं डिस्पॅच हा एकटा ओढत होता आणि फॉर्मवर त्याचा एक शब्द नाही. मॅडम म्हणाल्या, "हे फॉर्मवर लिहा. इथे बोललात तर मीटिंग संपली की संपलं. लिहिलंत तर यांना उत्तर द्यावं लागेल." त्या वाक्याने तो खुर्चीत मागे टेकला, मी समोर बसून बघितलंय.

त्याने लिहून दिलं, दीड पान, मराठीत, अक्षर मोत्यासारखं. गेटचं रजिस्टर काढलं, खरंच त्या दोन महिन्यांत रोजच्या गाड्या तेवढ्याच आणि सही एकट्याची. वेळेवर डिस्पॅच या मुद्द्यावर २ चे ३ झाले, कारण पत्रात लिहून दिलं. ई-वे बिलाच्या मुद्द्यावर २ चे २ च राहिले, त्याचंही कारण लिहून दिलं. मेसेजबद्दल वेगळी शो कॉज म्हणजे कारणे दाखवा नोटीस, त्याचं उत्तर आलं, मग लेखी वॉर्निंग. मेसेज त्याने स्वतः डिलीट केला आणि टीम लीडची माफी मागितली, चार जणांसमोर मागायला लावू असं शेठचं मत होतं पण मॅडम म्हणाल्या अपमान चारचौघात झाला म्हणून माफीही चारचौघात नको, लेखी घ्या, तमाशा नको, ते मला पटलं. तो अजून आमच्याकडेच आहे. गोड झालाय असं मी म्हणणार नाही, टीम लीडशी कामापुरतं बोलतो. पण पार्ट बी आता गाडी गेटवर लागल्यावर नंबर प्लेट बघून भरतो. आणि टीम लीडने पुढच्या दोघांचे रिव्ह्यू घेतले, एकात २ दिले, प्रसंग लिहून.

आता जे आवडलं नाही ते. एप्रिल-मेमध्ये त्यांचा फोन लागत नाही, त्यांच्या ऑफिसातला मुलगा "मॅडम मीटिंगमध्ये" एवढंच सांगतो, आमचं एक पत्र चार दिवस अडकलं आणि अशा केसमध्ये चार दिवस फार असतात. नोटीस आणि वॉर्निंगचे मसुदे इंग्रजीत येतात, मराठी करून मागावे लागतात, आणि ते मराठी कोर्टाच्या कागदासारखं जड असतं, ज्याला पत्र द्यायचं त्याला एकदा वाचून कळलं पाहिजे ना, शेवटी मी आणि टीम लीडने बसून साधं करून घेतलं. मॅडमनी ते तपासून लगेच ओके केलं हे मात्र खरं. अजून एक, काढूनच टाकायचंय आणि फक्त कागद रंगवून हवेत असं ठरवून जाणार असाल तर जाऊ नका, त्या घेत नाहीत अशी केस, आमच्यासमोर एकाला फोनवर नाही म्हणाल्या.

दहा-पंधरा माणसांच्या दुकानाला १७,७०० जड वाटतील, त्यांच्यासाठी नुसता फॉर्म तपासून द्यायचं वेगळं, कमी पैशात करतात असं त्यांनी सांगितलं, ते रिव्ह्यूच्या आधी फेब्रुवारीत करून घ्या. मरोळ नाक्यावरून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन पकडली की सरळ दादर, स्टेशनवरून चालत पोचता, गाडी नेऊ नका, तिथे पार्किंग मिळत नाही. जाताना रिव्ह्यूचा फॉर्म, अपॉइंटमेंट लेटर आणि हजेरीची कॉपी बरोबर ठेवा, पहिल्याच मीटिंगला मागतात.