कंद काढायचे की जमिनीतच ठेवायचे? कोंजाक, सॉरोमॅटम, सुरण आणि अळू

न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या बॅकयार्डात ऑक्टोबर आला की हा प्रश्न हमखास निघतो. मध्य न्यू जर्सीचा बराच भाग अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीनुसार आखलेल्या नकाशात 7-ए क्षेत्रात येतो (आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त). तिथे हिवाळ्यातलं सर्वांत कमी तापमान सरासरीने उणे 15 ते उणे 18 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. अळूच्या कुळातले सगळेच कंद ही थंडी सोसत नाहीत.

सुरण जमिनीत ठेवायचा विचार सोडून द्या. तो कुंडीत लावायचा, पान पिवळं पडलं की गड्डा काढून घरात उबदार, कोरड्या जागी ठेवायचा.

अळूची पानं पहिल्या फ्रॉस्टलाच काळी पडतात. अळकुड्या 8 आणि त्याहून उबदार क्षेत्रांत जमिनीत सहज तगतात, 7-ए मध्ये मात्र भरवसा नाही. ‘पिंक चायना’ हा प्रकार 6 क्षेत्रातही टिकतो, पण तो विकला जातो शोभेसाठी, अळूवडीसाठी नव्हे. वडीचं अळू हवं असेल तर कंद काढाच.

खरी निवड आहे ती कोंजाक (सुरणाचा जपानात पिकवला जाणारा भाऊबंद, Amorphophallus konjac) आणि सॉरोमॅटम (त्याच कुळातलं शोभेचं झाड, Sauromatum venosum) यांच्यात. दोघांनाही नर्सरीत ‘वूडू लिली’ म्हणतात, म्हणून घेताना लेबलवरचं शास्त्रीय नाव वाचून घ्या. 7-ए मध्ये दोन्ही बाहेर राहू शकतात, कारण जमिनीत वीतभर खाली हवेइतकी थंडी पोचत नाही. कंद जातात ते बहुधा ओलाव्याने. आपल्याकडची शेवळं कोरड्या मातीत झोपतात आणि पहिल्या पावसात उठतात. न्यू जर्सीत मात्र झोपेच्याच काळात पाऊस आणि वितळणारा बर्फ असतो. कुजण्याची सुरुवात तिथे होते.

कोंजाकला हा धोका जास्त. त्याच्या कंदाला वर, कोंबाभोवती, बशीसारखा खळगा असतो आणि त्यात पाणी साचतं. म्हणून लावताना कंद थोडा कलता ठेवावा आणि वर वीतभर माती असावी. जपानच्या गुनमा प्रांतात, जिथे देशातलं बहुतेक कोंजाक पिकतं, शेतकरी शरद ऋतूत कंद खणून घरात साठवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. ज्यांचं पोट त्यावर चालतं ते धोका पत्करत नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. तुमची माती चिकण असेल तर तुम्हीही काढा.

सॉरोमॅटमचा कंद लहान, त्याला पिल्लं भरपूर. एखादा कुजला तरी बाकीचे उगवतात. माझ्या मते नवख्या माणसाने यापासूनच सुरुवात करावी. शोभेत मात्र कोंजाक वरचढ: ठिपक्यांच्या देठावर छत्रीएवढं एकच पान, तेही कंद मोठा झाला की कमरेच्या वर जातं. सॉरोमॅटमचं पान सुंदर असलं तरी त्यापुढे लहानच.

वास दोघांच्या फुलांना सडक्या मांसाचा, म्हणून खिडकीजवळ लावू नका. सॉरोमॅटमच्या फुलातला दांडा उमलताना चक्क गरम होतो. 1987 मध्ये संशोधकांनी दाखवलं की ही उष्णता सॅलिसिलिक आम्लामुळे सुरू होते. ती वास पसरवण्यासाठी असते, थंडीपासून बचावासाठी नाही.

सावलीची, ओलसर जागा असेल तर या दोघांऐवजी जॅक-इन-द-पल्पिट लावा. ते न्यू जर्सीच्या रानातलंच झाड, 4 क्षेत्रापर्यंतची थंडी सोसतं.

कंद जमिनीत ठेवायचं ठरलं तर निचरा होईल अशी उंच जागा निवडा. पान सुकून देठ आपोआप सुटला की वर पाचोळ्याचा जाड थर घाला आणि शेजारी खुंटी रोवून ठेवा. कोंजाकचा कोंब कधीकधी जूनपर्यंतही वर येत नाही. तोवर फावडं चालवू नका.