शिरोलीतली क्वालिटी इन्स्पेक्टरची मुलाखत: टेबलावर कस लागतो, पगाराचं मात्र मोघम

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गाड्यांची कास्टिंग्ज (ओतीव भाग) ओतून मशीनिंगही करून देणारी एक फाउंड्री आहे. नाव देत नाही. आयटीआय आणि डिप्लोमावाल्या पोरांची इथली मुलाखत तीन टप्प्यांत होते. त्यातला मधला टप्पा इतर कारखान्यांनीही उचलावा इतका चांगला आहे.

चप्पल घालून आलेल्याला शॉपफ्लोअरवर सोडत नाहीत, म्हणून बूट घालूनच जा. लेखी पेपर सोपा: एम१० टॅपिंगआधी (१० मिमी बोल्टचे आटे पाडण्याआधी) ड्रिल कितीचं (८.५ मिमी), ४०एच७ बोअरची, म्हणजे ४० मिमीच्या भोकाची, मर्यादा काय (४०.००० ते ४०.०२५ मिमी), असे प्रश्न.

खरी परीक्षा टेबलावर. एक हाउसिंग, त्याचं ड्रॉइंग, मायक्रोमीटर, भोक मोजणारा बोअर डायल गेज आणि भोक मापात आहे का ते बघायचा प्लग गेज समोर ठेवून मोजायला सांगतात. आकड्याइतकीच परीक्षकाची नजर हातांकडे असते, आणि ते योग्यच आहे. बहुतेक पोरं इथे मार खातात. झिरो एरर (बंद असताना शून्य दाखवतो का) न बघता मायक्रोमीटर लावतात. ठराविक दाबाला घसरणारं टोकाचं रॅचेट सोडून थिंबल (फिरणारी नळी) आवळतात, मग माप कमी येतं. बोअर गेज आधी सेटिंग रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) झिरो करायचा, मग बोअरमध्ये डोलवायचा आणि सुई जिथून उलटी फिरते तो आकडा घ्यायचा. नुसता आत घालून वाचला तर गेज तिरका राहतो आणि माप मोठं दिसतं. प्लग गेजचा नो-गो, म्हणजे भोकात जाऊच नये असा टोकाचा भाग, जोर लावून ढकलला तर पुढचं विचारतच नाहीत. मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब दिला तर लगेच मोजू नका, थंड होऊ द्या. १०० मिमीचं माप २० अंशांच्या फरकाने साधारण २० मायक्रॉन (०.०२ मिमी) वाढतं; एवढ्यात चांगला जॉब रिजेक्ट होतो.

मग रिजेक्ट झालेली कास्टिंग्ज दाखवून दोष आणि कारण विचारतात. गुळगुळीत भिंतीचा गोल खळगा म्हणजे ब्लोहोल: वाळूत ओल जास्त किंवा वायू बाहेर पडायला वाट कमी. जाड भागात खडबडीत पोकळी असेल तर श्रिंकेज, तिथे फीडिंग (गोठताना लागणारा जादा रस) अपुरं पडलेलं असतं. फक्त नाव सांगून भागत नाही. कारण सांगणारा मुलगा मात्र चटकन नजरेत भरतो.

शेवटचा एचआरचा टप्पा ढिसाळ आहे. ताटकळत बसवतात, आणि पगार विचारला की ‘अठरा हजार’ एवढंच उत्तर मिळतं. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १८,००० आणि त्यात बेसिक १५,००० धरला, तर पीएफचे १,८००, ईएसआयचे १३५ आणि पुरुषांना व्यवसाय कराचे २०० वजा होऊन हातात १५,८६५ येतात. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापत असतील तर आणखी कमी. हेच १८,००० सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) असतील, तर कंपनीचा पीएफ आणि ईएसआयचा वाटाही त्यातूनच जातो. मशीनवर इतकी नेमकी परीक्षा घेणाऱ्यांनी हा हिशोब कागदावर द्यायला हवा.

तोवर तुम्हीच विचारा: ग्रॉस की सीटीसी, ओव्हरटाइम दुप्पट दराने आहे ना, ट्रेनिंग किती महिन्यांचं, बाँड आहे का. मूळ मार्कशीट दाखवा, ठेवून मात्र घेऊ देऊ नका, झेरॉक्स पुरते. आणि ‘फोन करतो’ म्हणाले तर कोणत्या तारखेपर्यंत, ते तिथेच विचारून घ्या.