‘ओरिजिनल जपान’चा ऑइल व्हॉल्व्ह: घरी ऑइल बदलणाऱ्यांनी सावध राहा

गाडीचं ऑइल घरच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलणाऱ्या नागपूरकरांसाठी हे लिहितो आहे. इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते चेंबर. त्यातलं जुनं ऑइल काढायचा जो ड्रेन नट असतो, त्याच्या जागी बसवायचा एक व्हॉल्व्ह मिळतो. खटका फिरवला की ऑइल खाली, परत फिरवला की बंद. त्याचा डुप्लिकेट माल आपल्या शहरात विकला जातोय. माझे पैसे त्यात गेले, आणि वर चेंबरचे आटेही गेले.

वस्तू मुळात चांगली आहे. नेहमीच्या पद्धतीत गाडीखाली शिरायचं, पाना लावून नट ढिला करायचा, शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवायचे आणि गरम ऑइलची धार मनगटावर घ्यायची. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या इंजिनखाली हे करून पाहा म्हणजे कळेल. शिवाय दर वेळी नवा वायसर, आणि जास्त आवळला तर आटे जायची भीती. व्हॉल्व्ह एकदा बसवला की नट पुन्हा उघडावाच लागत नाही. आत एक गोळी असते, तिला आरपार भोक असतं. खटका आधी थोडा उचलायचा आणि मग पाव फेरा फिरवायचा, की भोक ऑइलच्या वाटेसमोर येतं. उचलल्याशिवाय फिरत नाही, म्हणून रस्त्यावर खडा लागून तो आपोआप उघडायची भीती राहत नाही. जपानची फुमोटो ही यातली सगळ्यात माहितीतली कंपनी. तिच्या व्हॉल्व्हचं अंग पितळेचं असतं.

दोन उणिवा अस्सल मालातही आहेत. व्हॉल्व्ह नटापेक्षा खाली लोंबतो, त्यामुळे बुटक्या गाडीला आपल्याकडच्या गतिरोधकांवर जपावं लागतं. आणि त्याचे आटे चेंबरच्या आत थोडे डोकावतात, म्हणून तळाचं थोडं काळं ऑइल मागे राहतं. हे मला माहीत होतं आणि चालणार होतं.

शहरातल्या एका ऑटो पार्ट्सच्या दुकानात हा व्हॉल्व्ह मिळतो असं कळल्यावर व्हॉट्सॲपवर विचारलं. उत्तर आलं, ‘ओरिजिनल जपान, एफ-106’. माझ्या हॅचबॅकला 14 मिलिमीटर व्यासाचा आणि 1.5 पिचचा, म्हणजे दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर असलेला, ड्रेन नट आहे. आणि एफ-106 हा नेमका त्याच मापाचा नंबर. म्हणून गेलो. काउंटरवर भाव दोन हजाराच्या वर. खोका चकचकीत, त्यावर जपानी अक्षरं, पण किमतीचं स्टिकर नाही, आयात कोणी केलं त्याचं नाव-पत्ता नाही. विचारलं तर मालक म्हणाले, “भाऊ, डायरेक्ट माल आहे. डोळे झाकून घेऊन जा, कोणत्याही गाडीले चालते.” बिल मागितलं, तर म्हणे जीएसटी वेगळा लागेल. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेलेच असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मी वेगळा जीएसटी देणार नाही म्हणालो, तेव्हा एका कागदावर रक्कम लिहून शिक्का मारून दिला. तो कागद पुढे कामी आला.

फिटिंग फुकट होतं. दुकानातल्या पोराने जुना नट काढला, व्हॉल्व्ह लावला. दोन-तीन फेरे हातानेच गेला, मग अडला. पोराने लांब दांड्याचा पाना घेतला. मी थांब म्हणेपर्यंत त्याने जोर दिला होता. “टाइट जाईन नं भाऊ, नवा आहे.” करकर आवाज आला. ज्यांनी कधी आटे गेल्याचा आवाज ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर डाग. खरी फसवणूक इथून सुरू झाली असं माझं मत आहे, कारण पहिली वेळ एखाद्या दुकानदाराच्या अज्ञानावर ढकलता येते. गाडी परत नेली तेव्हा मालकांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. “तुमच्या चेंबरचे आटे आधीच गेले होते, आमच्या पोराने तुम्हाले सांगितलं नाही का?” आणि लगेच ड्रॉवरमधून ओव्हरसाइज बोल्ट काढला. हा थोडा जाड असतो आणि जुन्या आट्यांवर स्वतःचे नवे आटे कापत जातो. त्याचे वेगळे पैसे. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये असा बोल्ट वाकडा शिरला, तर पुढे दुरुस्तीला धड जागाच उरत नाही. म्हणजे आधी आटे मोडायचे आणि मग मोडल्याचा इलाजही आपल्याच गल्ल्यातून विकायचा. मी तो घेतला नाही. व्हॉल्व्ह काढून घेतला, जुना नट टेफ्लॉन टेप लावून कसाबसा बसवला आणि गाडी टो करून हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडे नेली.

त्यांनी व्हॉल्व्हवर आटे मोजायचा गेज धरला. 1.25 पिच. खोक्यावर एफ-106, आत दुसरंच माप. म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर अडला होता. मग त्यांनी त्याच्या अंगावर कानस मारली. पिवळा थर गेला आणि खाली पांढुरकं राखाडी. “हे पितळ नोय भाऊ. जस्ताचं ओतीव काम आहे, वरून पाणी मारलं.” एखाद्याचं पितळ उघडं पडतं म्हणतात, इथे उघडं पडायला पितळही नव्हतं. व्हॉल्व्ह उभा कापला, तर गोळीभोवती साधं रबर, बोटाने दाबलं की चुरा होणारं. इंजिन ऑइल चालत्या गाडीत शंभर अंशांच्या आसपास जातं. तिथे असलं रबर किती टिकणार? आणि खटका अडकून राहायला खाचच नव्हती, उचलायची गरजच नाही. बोटाच्या धक्क्यानेही फिरत होता.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात भयंकर वाटतो. थेंब थेंब गळणारा व्हॉल्व्ह फरशीवरच्या डागाने कळतो. पण समृद्धी महामार्गावर ताशी 120 च्या वेगाने जाताना खटका फिरला, तर काही मिनिटांत चेंबर रिकामा. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागून तो तुमच्या लक्षात येईपर्यंत बेअरिंग घासायला लागलेली असतात. इंजिन जॅम झालं तर खर्च लाखाच्या घरात, आणि मागून येणारा ट्रक वेगळाच.

चेंबर खोलून, भोक मोठं करून, आत स्टीलचा इन्सर्ट, म्हणजे आटे असलेली छोटी नळी, बसवून मूळ मापाचे आटे परत आणले. त्याला व्हॉल्व्हच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागले.

कुणाला हा व्हॉल्व्ह घ्यायचाच असेल, तर दुकानातच कानस मागा किंवा किल्लीच्या टोकाने आतल्या बाजूला ओरखडा काढा. आतही पिवळंच दिसलं पाहिजे. लोहचुंबकावर विसंबू नका, जस्तालाही चुंबक चिकटत नाही. खटका न उचलता फिरतो का ते बघा. आपल्या गाडीचा जुना नट सोबत न्या आणि दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडात धरा. पिच वेगळा असेल तर मधून उजेड दिसतो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणणाऱ्याकडून तर घेऊच नका; कित्येक टोयोटा गाड्यांना 12 मिलिमीटर आणि 1.25 पिच लागतो, तो 14 च्या भोकात कसा चालेल? आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर खोका उघडायच्या आधीच परत द्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. व्हॉट्सॲपवरचं ‘ओरिजिनल जपान’, यूपीआयची नोंद, शिक्क्याचा कागद आणि गेजचे फोटो जोडले. त्यानंतर दुकानातून फोन आला आणि व्हॉल्व्हचे पैसे परत मिळाले. चेंबरच्या दुरुस्तीचे देणार नाही म्हणाले, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे ज्यांचं जुनं प्रकरण आहे त्यांनाही जाता येईल. कापलेला व्हॉल्व्ह मी जपून ठेवलाय. तुमचाही टाकून देऊ नका.

आणि ज्यांच्या गाडीला असा व्हॉल्व्ह आधीच लागलेला आहे, त्यांनी आज रात्री इंजिनखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा. इंजिन थंड झाल्यावर टॉर्च घेऊन खटक्याला बोट लावून बघावं. पुठ्ठ्यावर डाग दिसला किंवा खटका न उचलता हलला, तर गाडी सुरू करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.